आधी गॅस, मग पाना!

मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेलेला असताना जालन्यात कुणी "गाडीतला एसी काढून टाकायचाय" असं म्हणालं, तर ऐकणारा आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघेल. ऊन तर लागलं नाही ना! पण ही मागणी वाटते तितकी चमत्कारिक नाही. कुणाच्या जुन्या गाडीचा कॉम्प्रेसर जाम झालेला असतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून गाडीच विकावीशी वाटते. कुणाला "एसी काढला की मायलेज वाढतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आपल्यापैकी काहीजण फायनल इयरच्या गो-कार्टसाठी जुन्या मारुती ८०० चं इंजिन आणतात, त्याला कॉम्प्रेसर लटकलेलाच असतो. आणि शेवटी प्रत्येक गाडी कधी ना कधी भंगारात जाते, तेव्हा तर एसी काढावाच लागतो.

या चारही वेळी आपला हात पहिल्यांदा पान्याकडे जातो. नट-बोल्ट दिसले की ते खोलायचे, हा मेकॅनिकलवाल्यांचा स्वभावच आहे! पण गाडीतला एसी ही अशी वस्तू आहे की तिथे पाना दुसऱ्या नंबरवर येतो. पहिल्या नंबरवर येतो तो आतला गॅस. असं का, आणि गॅस काढल्यानंतर काय काय सांभाळायचं, तेच या लेखात बघू.

बॉनेटखालचं वर्तुळ

थोडी उजळणी. आरएसीच्या व्हायवात विचारतात तीच व्हेपर कॉम्प्रेशन सायकल गाडीत असते. इंजिनाच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरतो आणि गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. द्रव रिसीव्हर-ड्रायर नावाच्या छोट्या डब्यातून जातो. या डब्यात ओलावा शोषणारे दाणे असतात. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डच्या आत लपलेल्या इव्हॅपोरेटरमध्ये द्रवाची पुन्हा वाफ होते. वाफ होताना तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. ब्लोअर त्यावरून हवा फेकतो आणि आपण म्हणतो, "वा, काय गार वाटतंय!"

आता महत्त्वाची गोष्ट. कॉम्प्रेसरची पुली इंजिन चालू असेपर्यंत सतत फिरत असते, पण कॉम्प्रेसर सतत फिरत नसतो. दोघांमध्ये मॅग्नेटिक क्लच असतो. एसीचं बटण दाबलं की कॉइलमध्ये करंट जातो, प्लेट पुलीला चिकटते आणि शाफ्ट फिरायला लागतो. तो ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो याचाच. बटण बंद केलं की पुली नुसती बेअरिंगवर मोकळी फिरते. हे लक्षात ठेवा, मायलेजच्या हिशेबात लागणार आहे.

टायरच्या जवळजवळ पाचपट

बऱ्याच जणांचा समज असा की इंजिन बंद असलं म्हणजे एसीच्या पाइपमध्ये दाब नसतो. हा समज धोक्याचा आहे. सिस्टिममध्ये द्रव आणि वाफ एकत्र आहेत तोपर्यंत दाब ठरतो तो फक्त तापमानावर. गाडी चालू आहे की आठवडाभर उभी आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. आर-१३४ए या नेहमीच्या गॅसचं टेबल काढून बघा. ४२ अंशाला त्याचा सॅच्युरेशन प्रेशर वातावरणाच्या वर साधारण ९.७ बार, म्हणजे १४० पीएसआय येतो. गाडीच्या टायरमध्ये आपण ३० पीएसआय हवा भरतो. म्हणजे उन्हात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीच्या एसी पाइपमध्ये टायरच्या जवळजवळ पाचपट दाब असतो! एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला ६० अंशाच्या आसपास तापमान गेलं की हाच आकडा २३० पीएसआयपर्यंत चढतो.

अशा पाइपचा नट कुणी सरळ पान्याने सैल केला तर काय होईल? द्रव गॅस बाहेर पडताक्षणी उकळतो. वातावरणाच्या दाबाला आर-१३४ए चा उत्कलनबिंदू उणे २६ अंश आहे. हातावर पडला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा साडेतीन पटीहून जड. गॅरेजच्या पिटमध्ये किंवा बंद शेडमध्ये ती खाली साठते आणि तिथली हवा वर ढकलते. पिटमध्ये बसलेल्या माणसाला ना रंग दिसतो, ना फारसा वास येतो. त्यात कुणी शेजारी गॅस कटर चालवत असेल तर आणखी वाईट, कारण ज्योतीत सापडलेल्या या गॅसमधून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात.

काढायचाच का? आधी हिशेब करू

पाना आणि गॅस दोन्ही बाजूला ठेवून एक प्रश्न आधी सोडवायचा: एसी काढून नेमकं मिळणार काय?

एसी चालू असताना कॉम्प्रेसर इंजिनाकडून दोन ते चार किलोवॅट सहज ओढतो. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पूर्ण जोर लावून साधारण ३७ हॉर्सपॉवर, म्हणजे २७ किलोवॅट देतं, आणि तेही उच्च आरपीएमला. बाजारातल्या गर्दीत कमी आरपीएमवर चालताना त्यातलं तीन किलोवॅट गेलं की गाडी मान टाकते, हे चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणजे ‘एसीमुळे मायलेज पडतं’ हे खरं आहे.

पण हे झालं एसी चालू ठेवल्यावर. बंद ठेवला की क्लच सुटतो आणि राहतं ते फक्त वजन. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, इव्हॅपोरेटर, पाइप, ब्रॅकेट असं सगळं मिळून छोट्या गाडीत साधारण १५ किलो धरा. दोन माणसांसह गाडी ८५० किलोची धरली तर हे पावणेदोन टक्के झाले. वजन दहा टक्क्यांनी कमी केलं तर इंधन सहा-सात टक्के वाचतं, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने आपली बचत होते एक ते सव्वा टक्का. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी १६.२ देईल! महिन्याला हजार किलोमीटर चालवलं तर पाऊण लिटर पेट्रोल वाचेल. एवढ्यासाठी डॅशबोर्ड खोलायचा का, हे तुम्हीच ठरवा. (काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला, सतत फिरणारा कॉम्प्रेसर येतो. तो बंद असतानाही थोडी पॉवर खातो, पण तीही किरकोळच.)

आणि एसीऐवजी काचा खाली करून हायवेला लागलात तर? हवेचा विरोध मोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी ६० ला जेवढी लागते त्याच्या साडेचार पट ताशी १०० ला लागते. गावात काचा उघड्या ठेवणं स्वस्त पडतं, पण समृद्धी महामार्गावर उघड्या काचांनी वाढलेला विरोध त्या पाऊण लिटरचा हिशेब केव्हाच पुसून टाकेल.

म्हणून माझ्या मते पायऱ्या तीन. पहिली, एसी चालू असेल पण वापरायचा नसेल तर बटण बंद ठेवा, बाकी काही काढू नका. मात्र महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, म्हणजे आतलं ऑइल फिरून शाफ्टचं सील ओलं राहतं. सील सुकलं की गॅस हळूहळू गळतो. दुसरी पायरी, कॉम्प्रेसर किंवा त्याची पुली जाम झाली असेल आणि त्याचा पट्टा वेगळा असेल, तर तूर्त फक्त तो पट्टा काढा. जुन्या छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा असा वेगळा पट्टा असतो. सिस्टिम उघडायची गरज नाही, गॅस आतच राहतो.

या दुसऱ्या पायरीला इतिहासही आहे बरं का! अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्या एसीला क्लच नव्हता. बंद करायचा तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवायचा! आज गॅरेजमध्ये होणारा ‘जुगाड’ तेव्हा चक्क वापरायची अधिकृत पद्धत होती.

तिसरी पायरी म्हणजे पूर्ण सिस्टिम काढणं. कंडेन्सर फुटलाय, इंजिन प्रोजेक्टला घ्यायचंय किंवा गाडीच मोडीत निघालीय, तेव्हा ही पायरी येते. इथे गॅसचा प्रश्न टाळता येत नाही.

अर्धा किलो गॅस म्हणजे किती?

बऱ्याच ठिकाणी गॅस ‘काढतात’ तो कसा? सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन दाबायची, फुस्स असा आवाज होतो, मिनिटा-दोन मिनिटांत सगळं मोकळं. दिसायला काहीच दिसत नाही, म्हणून काही झालं असंही वाटत नाही.

जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास हा सीएफसी वर्ग रेफ्रिजरेशनसाठी शोधला. न जळणारा, विषारी नसलेला, स्वस्त असा हा गॅस सगळ्यांना देवासारखा वाटला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं की हा गॅस वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरिन ओझोन खातो. दोघांना १९९५ साली क्रुट्झन यांच्यासोबत नोबेल मिळालं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २००० साली आपल्याकडे ओझोन घटवणाऱ्या पदार्थांचे नियम आले. आर-१२ गेला, त्याच्या जागी आर-१३४ए आला.

आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट आहे (शंभर वर्षांच्या हिशेबाने). छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. ०.५ गुणिले १४३० म्हणजे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे ते एक ‘फुस्स’ ३१० लिटर पेट्रोलच्या धुराएवढं. लिटरला १६ च्या मायलेजने ही गाडी जवळजवळ ५००० किलोमीटर चालली असती. जालना ते छत्रपती संभाजीनगर ६० किलोमीटर धरलं तर चाळीसएक वेळा जाऊन-येऊन! आणि गाडी अगदी जुनी, आत आर-१२ असेल, तर गुणक १०,९०० आहे. तिथे हाच हिशेब साडेसदतीस हजार किलोमीटरच्या वर जातो, ओझोनचं नुकसान वेगळंच.

म्हणजे बघा, मायलेजसाठी एसी काढला आणि गॅस हवेत सोडला, तर महिन्याला पाऊण लिटर वाचवून ते ३१० लिटर फेडायला चौतीस वर्षं लागतील. तेवढी वर्षं तर मारुती ८०० चं उत्पादनही चाललं नाही. १९८३ ला सुरू होऊन ते २०१४ ला बंद झालं!

म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीत आर-१३४ए सारखे एचएफसी गॅसही आले. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे २०३२ पासून कपात सुरू होऊन २०४७ पर्यंत वापर ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. नव्या गाड्यांसाठी आर-१२३४वायएफ नावाचा गॅस आलाय. त्याचा गुणक अगदी नगण्य आहे, पण तो थोडासा ज्वलनशील आहे.

गॅस काढायची रीत

तर गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये घ्यायचा. यासाठी रिकव्हरी मशीन लागतं. गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, "दादा, रिकव्हरी मशीन आहे का?" नसेल तर दुसरीकडे जा. काम साधारण असं चालतं.

१. बॉनेटखालचं स्टिकर वाचा. गॅस कुठला आणि किती ग्रॅम, ते त्यावर लिहिलेलं असतं. आर-१३४ए ला वेगळ्या मापाचे क्विक कपलर असतात, आर-१२ ला आट्यांचे. स्टिकरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मधल्या काळात कुणी स्वस्तात पडतो म्हणून ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅसही भरलेला असू शकतो. म्हणून आसपास ज्योत, ठिणगी, विडी-सिगारेट काही नको.

२. गॉगल आणि हातमोजे घाला. काम उघड्या, वाऱ्याच्या जागी करा.

३. हाय साइड आणि लो साइडला गेज जोडून मशीनने गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्या. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, उन्हात द्रव प्रसरण पावतो तेव्हा जागा लागते. वेगवेगळे गॅस एका सिलिंडरमध्ये मिसळायचे नाहीत, मिसळलेला गॅस पुन्हा वापरता येत नाही.

४. गेज खाली आल्यावर मशीन थांबवून दहा-पंधरा मिनिटं वाट बघा. कॉम्प्रेसरच्या ऑइलमध्ये गॅस विरघळलेला असतो, तो हळूहळू सुटतो आणि काटा परत वर सरकतो. सरकला तर पुन्हा ओढा. काटा जागेवर थांबला की झालं.

गेज सुरुवातीलाच शून्य दाखवत असेल तर गॅस आधीच गळून गेलेला आहे. तरीही नट एकदम न खोलता हळू सैल करायचा.

आता पाना घ्या

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि कामाला लागा. कॉम्प्रेसरचे पाइप सुटले की लगेच प्रत्येक तोंडाला बूच किंवा टेप लावा. आर-१३४ए सोबत पीएजी ऑइल असतं, ते हवेतला ओलावा झपाट्याने पितं. सामान परत वापरायचं असेल तर उघडं ठेवलेलं प्रत्येक मिनिट नुकसानीचं. ऑइल मोजून बाटलीत काढा आणि जळक्या ऑइलच्या डब्यात जमा करा, नालीत नको.

कंडेन्सर काढला की रेडिएटरला हवा मोकळी मिळते. आपल्याकडे धूळ आणि कापसाची पिंज कंडेन्सरच्या जाळीत इतकी बसते की हा फायदा खरंच जाणवतो. पण एक गोष्ट बघा: कंडेन्सरचा पंखा रेडिएटरलाही मदत करत होता का? काही गाड्यांत दोन पंखे असतात आणि इंजिन जास्त तापलं की दुसराही लागतो. तो कंडेन्सरसोबत काढून टाकला तर मे महिन्यात सिग्नलला उभं राहिल्यावर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत जाईल. पंखा ठेवायचाच.

पुढे वायरिंग. क्लचची वायर, प्रेशर स्विच, रिले यांची टोकं नुसती लोंबकळत ठेवू नका. इन्सुलेशन करून बांधा आणि फ्यूज काढून ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत एसी लावल्यावर आयडलिंग पडू नये म्हणून आयडल-अप व्हॉल्व्ह असतो, त्याची व्हॅक्यूमची नळी इंजिनाला जोडलेली असते. ही नळी उघडी राहिली की जास्तीची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आयडलिंगला वर-खाली करतं. मग कार्ब्युरेटर साफ करा, प्लग बदला, दोष काही सापडत नाही! नळीच्या तोंडाला बूच मारलं की प्रश्न मिटतो.

इव्हॅपोरेटर डॅशबोर्डच्या आत, हीटरच्या शेजारी असतो. हीटरच्या नळ्यांतून इंजिनाचं पाणी फिरतं, त्यांना हात लावू नका. शक्य असेल तर रिकामा इव्हॅपोरेटर आतच राहू द्या. काढलाच तर फायरवॉलमधली पाइपची भोकं रबरी ग्रोमेट घालून नीट बुजवा. तिथून इंजिनाकडची गरम हवाच काय, पेट्रोलची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइडही केबिनमध्ये येऊ शकतो.

पट्ट्याचं गणित

जिथे एकच लांब सर्पेंटाइन पट्टा अल्टरनेटर, वॉटर पंप, कॉम्प्रेसर अशा सगळ्यांना फिरवतो, तिथे कॉम्प्रेसर काढला की पट्टा ढिला पडतो. मग कुणीतरी आखूड पट्टा शोधून बसवतं आणि गाडी चालूही होते. पण टीओएममधलं समीकरण आठवा. घट्ट बाजूचा ताण भागिले सैल बाजूचा ताण म्हणजे ई चा ‘म्यू गुणिले थीटा’ इतका घात. थीटा म्हणजे पट्ट्याने पुलीला घातलेल्या मिठीचा कोन.

सपाट पट्टा आणि म्यू ०.३ धरू. कॉम्प्रेसर असताना वॉटर पंपाच्या पुलीवर मिठी १८० अंशांची होती, तर गुणोत्तर येतं २.५७. कॉम्प्रेसर गेल्यावर पट्ट्याचा मार्ग बदलून मिठी १२० अंशांची झाली, तर १.८७. घट्ट बाजूचा ताण तेवढाच ठेवला तर पुलीला मिळणारी ओढ जवळपास चोवीस टक्क्यांनी घटते. पट्टा घसरायला लागतो, चिरकतो. वॉटर पंप कमी फिरला की इंजिन तापतं, अल्टरनेटर कमी फिरला की बॅटरी उतरते. मग ‘एसी काढल्यापासून गाडीला नजर लागली’ असं म्हणायची वेळ येते! सरळ उपाय म्हणजे कॉम्प्रेसरच्या जागी त्याच मापाची आयडलर पुली बसवायची आणि कंपनीचाच पट्टा ठेवायचा.

काढलेला माल जातो कुठे?

हा प्रश्न जालन्याला इतरांपेक्षा जास्त जवळचा आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी, पण आजचं जालना ओळखलं जातं ते लोखंडी सळईसाठी. आपल्या एमआयडीसीतल्या इंडक्शन फर्नेस भंगार वितळवतात, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया निघतात. म्हणजे गाड्यांचं भंगार इथे कुठूनतरी येतच असतं.

भट्टीवर काम करणाऱ्याला विचारलं तर भीती कशाची, तर ‘बंद डब्याची’. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सिलिंडर, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, आणि गॅस-ऑइल भरलेला कॉम्प्रेसरही. वितळलेल्या लोखंडात असा बंद तुकडा पडला की आतला द्रव क्षणात वाफ होऊन फुटतो आणि पातळ लोखंड बाहेर उडतं. गॅरेजमध्ये पाच मिनिटं वाचवायला न उघडलेला कॉम्प्रेसर पुढे भट्टीपाशी उभ्या माणसाच्या अंगावर येऊ शकतो.

दुसरी गोष्ट तांब्याची. क्लचच्या कॉइलमध्ये तांबं असतं. ते पोलादात गेलं की भट्टीत जळून किंवा मळीतून निघत नाही, तिथेच राहतं, आणि प्रमाण वाढलं तर गरम रोलिंग करताना पृष्ठभागाला तडे जातात. त्यामुळे कॉइल वेगळी, अ‍ॅल्युमिनियमचे कंडेन्सर आणि पाइप वेगळे, लोखंडी ब्रॅकेट वेगळे असे ढीग करा. भावही बरा मिळतो.

युरोपात गाडी मोडण्याआधी एसीमधला द्रव काढून घ्यायचा, हे २००० सालच्या नियमातच लिहिलेलं आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांसाठी नियम केले. धोकादायक द्रव आणि भाग आधी वेगळे काढणं हे त्या व्यवस्थेचं काम आहे. पण गल्लीतल्या भंगारवाल्याकडे कटरने अर्धी कापलेली गाडी बघितली की कळतं, अजून बरंच अंतर आहे. इंजिन प्रोजेक्टसाठी विकत घेणारे आपण तरी "गॅस आधी काढून घ्या" एवढं सांगू शकतो.

प्रोजेक्टवाल्यांसाठी आणखी एक सूचना. काढलेल्या कॉम्प्रेसरचा टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर करायची कल्पना दरवर्षी कुणाला ना कुणाला सुचते. गाडीत त्याला ऑइल मिळतं ते गॅससोबत फिरून परत आलेलं. हवा दाबताना ऑइल हवेबरोबर बाहेर जातं, परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर थोड्या वेळात जाम होतो. ऑइल सेपरेटर आणि परतीची नळी डिझाइन केली तरच या वाटेला जा. नाहीतर तोच कॉम्प्रेसर कापून आरएसी लॅबसाठी कट-सेक्शन मॉडेल करा, पुढच्या बॅचेस दुवा देतील.

जाता जाता

एसी गेल्यावर फक्त गारवा जात नाही. पावसाळ्यात काचेवर आतून धुकं धरतं, ते एसी हवेतला ओलावा काढून पटकन साफ करतो. एसी काढलेल्या गाडीत हीटर आणि ब्लोअर शाबूत असलेच पाहिजेत, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात रात्री समोरचं दिसणार नाही. आणि ‘एसी म्हणजे श्रीमंतांची चैन’ हेही आता जुनं झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केलाय, कारण उन्हात दहा-बारा तास चालवून दमलेला ड्रायव्हर स्वतःलाही धोका आणि समोरच्यालाही. म्हणून घरातल्या वयस्कर माणसांना भर उन्हात दवाखान्यात न्यायला लागणाऱ्या गाडीचा एसी काढण्याआधी दुरुस्तीचा खर्च पुन्हा एकदा विचारून बघा.

तरीही काढायचाच ठरला, तर क्रम एवढा पाळा: आधी हिशेब, मग गॅस सिलिंडरमध्ये, मग पाना, आणि शेवटी प्रत्येक भाग आपापल्या ढिगात. व्हायवात हे कुणी विचारणार नाही कदाचित, पण पिटमध्ये उतरणारा पोरगा आणि भट्टीपाशी उभा असलेला माणूस, दोघंही आपल्याच जिल्ह्यातले आहेत.